नळी काढली

चौथीच्या वर्गाला मी दरवर्षी एक खेळ द्यायचे. फळ्यावर 'काढणे' हा शब्द लिहायचा आणि मुलांनी सांगायचं, काय काय काढतात. विहिरीचं पाणी काढतात, चित्र काढतात, पायातला काटा काढतात, आजीची आठवण काढतात. एक मुलगी म्हणाली, "बाई, आमची आई दिवस काढते." वर्ग हसला, मी हसले नाही. बरोबर आहे म्हणाले आणि तेही फळ्यावर लिहिलं.

आमच्या भागात या शब्दाचा आणखी एक उपयोग होता, तो मी कधी लिहिला नाही. 'नळी काढली' म्हणजे दवाखान्याने हात टेकले, आता माणसाला घरी न्या आणि नातेवाइकांना कळवा. कर्जतपासून खालापूरपर्यंत कुणालाही हे फोडून सांगावं लागत नसे. या एका उपयोगापायी माझा जीव जायची वेळ आली होती. ऐंशी सालानंतरची गोष्ट आहे. ज्यांचं माणूस आत्ता आयसीयूत आहे आणि जे बाहेर सतरंजीवर बसून आहेत, त्यांच्यासाठी लिहितेय. डॉक्टरकी मला येत नाही, तेव्हा ती इथे शोधू नये.

पित्त

दुखणं सुरू झालं ते शाळेत, बेंबीपाशी. मी ठरवून टाकलं की पित्त आहे. आमच्याकडे पोटात काहीही झालं तरी ते आधी पित्तच असतं. लिंबू-सोडा घेतला, घरी येऊन ओवा चावला. माझे मिस्टर मोहोपाड्याला केमिकल कारखान्यात होते, त्यांची रात्रपाळी होती. ते म्हणाले, सुट्टी काढतो. मी म्हटलं, पित्तासाठी कुणी सुट्टी काढतं का?

दुसऱ्या दिवशी दुखणं उजवीकडे सरकलं आणि दुपारी एकाएकी थांबलं. मला इतकं बरं वाटलं की मी घर झाडून घेतलं, पाणी भरलं, मुलीची वेणी घातली. अपेंडिक्स फुटलं की थोडा वेळ अशी खोटी शांतता मिळते, हे मला फार उशिरा कळलं. दिवेलागणीला पोट फळीसारखं कडक झालं आणि ताप भरला.

घाटाखाली हायवेच्या कडेला एका ट्रस्टचा दवाखाना होता. घाटातल्या अपघातांसाठी त्यांनी नुकताच चार खाटांचा आयसीयू उघडला होता. तिथे डॉक्टर सबनीस होते, पुण्याकडचे, तरुण, बोलायला तुटक. त्यांनी माझं पोट दाबलं आणि हात झटकन उचलला. मी कळवळून त्यांच्या मनगटात नखं रोवली.

"कधीपासून दुखतंय?"

"कालपासून. पित्त आहे."

"पित्ताने माणूस असा दिसत नाही, बाई," ते म्हणाले. मग मिस्टरांकडे वळले. "आत फुटलंय. आत्ता उघडावं लागेल. उघडल्यावर काय दिसेल ते मला सांगता येणार नाही."

मिस्टरांनी कपाळाला हात लावला. मला आठवतं ते एवढंच की त्यांच्या शर्टाला कारखान्याचा वास येत होता आणि तो मला एरवी आवडत नसे. त्या क्षणी त्या वासाला सोडून आत जाऊ नये असं वाटलं.

नळ्यांचा संसार

शुद्धीवर आले तेव्हा मी नळ्यांची झाले होते. नाकात एक, पोटातून दोन, लघवीची एक. हातांच्या शिरा सुयांनी कामातून गेल्या होत्या आणि आतडी काम करत नव्हती. म्हणून बऱ्याच खटपटीनंतर मानेच्या उजव्या बाजूने मोठ्या शिरेत एक नळी घातली होती, ती थेट छातीत हृदयाजवळ जात होती. सलाईन, औषधं, सगळं तिच्यातून. त्या नळीचं सगळ्यांना कौतुक होतं. सिस्टर येता-जाता तिच्यावरची पट्टी पाहत, डॉक्टर पाहत आणि आई तर माझ्या तोंडाआधी तीच पाहायची.

आई दहिवलीहून आली होती. तिला सकाळ-संध्याकाळ थोडा वेळ आत सोडत. चपला बाहेर काढून, पदर खोचून, ती आधी माझ्या पायथ्याशी उभी राहायची. पांघरुणात हात घालून दोन्ही पावलं चाचपायची, आणि मगच वर यायची.

खरं सांगायचं तर मला सर्वात जास्त लाज लघवीच्या पिशवीची वाटायची. खाटेच्या कडेला ती सगळ्यांना दिसेल अशी लटकलेली. जावयासमोर आईने ती पदराने झाकली तेव्हा मला रडू आलं. सिस्टर म्हात्रे म्हणाल्या, "बाई, इथे राजाची रानी आली तरी तिला बी हीच पिशवी." या सिस्टर उरणकडच्या, आवाज खडा, हात मऊ. त्यांनी एकदा माझे केस विंचरून दिले. सगळा गुंता हळूहळू सोडवला, एकही केस ओढला नाही. पाणीसुद्धा तोंडावाटे बंद होतं तेव्हा त्या ओठांवर बर्फाचा खडा फिरवायच्या. बाहेर चिंचेखाली नातेवाइकांच्या चुली पेटत आणि खिडकीतून भाताचा वास येई. पोटात अन्न नसताना तो वास छळत असेल असं वाटेल, पण तसं नव्हतं. बाहेर रोजच्यासारखं कुणीतरी जेवतंय, याचा धीर यायचा.

ताप बसलाय कुठे

पोट सुधारत होतं. डॉक्टर तसं म्हणाले आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसले. आणि मग ताप परत आला.

साधा नाही. आधी हुडहुडी. दात वाजायचे, खाट वाजायची, तीन पांघरुणं घातली तरी आतून थंडी. नंतर अंग भट्टी. औषध बदललं की एक-दोन दिवस ताप उतरायचा, आम्ही सगळे खूश. पुन्हा तेच. आणखी महागडं औषध यायचं, पुन्हा थोडं बरं, पुन्हा हुडहुडी. आतापर्यंत मी धीराने होते. पण हे वर जाऊन परत खाली येणं मला सोसेना. एकदा मी सिस्टरांना म्हणाले, "मला एकदाचं काय ते होऊन जाऊ द्या." त्या नुसत्या खाटेपाशी उभ्या राहिल्या.

मग त्यांच्या आणि डॉक्टरांच्या एक गोष्ट लक्षात आली. मानेच्या नळीतून औषध गेलं की थोड्याच वेळात हुडहुडी भरते. डॉक्टर पट्टी सोडून बराच वेळ पाहत राहिले. मानेवर लाली नव्हती, पू नव्हता. बाहेरून नळी अगदी स्वच्छ.

"ताप पोटात नाही," ते सिस्टरांना म्हणाले, "ताप या नळीत बसलाय." मग मला म्हणाले, "बाई, उद्या सकाळी ही नळी काढून टाकू. घरच्यांना सांगून ठेवा."

तेवढ्यात घाटातून ट्रकच्या अपघाताचे जखमी आले आणि ते धावत गेले.

जीप

माझ्या वडिलांनाही असंच एका दवाखान्यात ठेवलं होतं, काही वर्षांपूर्वी. शेवटी तिथले डॉक्टर म्हणाले, घरी न्या. सिस्टरने नाकातली नळी काढली, हातातली काढली, आणि आम्ही त्यांना जीपमध्ये घातलं. खोपोलीकडून दहिवलीला यायला मध्ये पळसदरी लागतं. आई त्यांचे पाय मांडीवर घेऊन बसली होती. पळसदरीला ती म्हणाली, "पाय गार पडले." जीप कुणी थांबवली नाही. पुढे घरापर्यंत ती ते गार पाय चोळत होती.

तेव्हा 'नळी काढून टाकू' ऐकल्यावर मला वेगळं काही समजायचं कारणच नव्हतं. 'ताप नळीत बसलाय' हे वाक्य मी ऐकलं होतं, पण पुढच्या वाक्याने ते पुसून गेलं. मला भीती वाटली. मुलीच्या वेणीचा विचार आला, की सासूबाईंना घट्ट वेणी घालता येत नाही, शाळेत सुटते. आयुष्यभर मुलांना शब्दांचे अर्थ विचारत आले, पण डॉक्टरांना "काढून मग काय?" एवढं विचारायचं मला सुचलं नाही.

संध्याकाळी आई आणि मिस्टर एकदमच आले. मी सांगितलं. दोघांनाही लगेच समजलं, म्हणजे जे मला समजलं होतं तेच.

मिस्टर म्हणाले, "लय हाल झाले हिचे. आता त्रास नको. घरी नेऊ."

आई खाटेच्या आणि त्यांच्या मध्ये उभी राहिली. "नळी हाय तवर माजी लेक हाय. कुनाला हात लावू देनार नाय."

"डॉक्टर सांगतायत, आई."

"डाक्टर त्येंच्या टायमालाबी सांगत व्हते. आमी ऐकलं." मग ती जे बोलली ते मला आजही नको वाटतं. "तुमास्नी बायको दुसरी मिळंल. मला लेक मिळायची नाय."

मिस्टरांनी माझं पांघरूण नीट केलं आणि बाहेर गेले. मला दोघांचाही राग आला नाही. दोघांना मी हवी होते, एकाला शांतपणे आणि एकीला कशीही. सिस्टरांनी आईला बाहेर जायला सांगितलं तर ती खाली फरशीवर बसली आणि खाटेचा पाय धरला. शेवटी त्यांनी तिला तशीच बसू दिली.

टेंपो

सकाळी दवाखान्याच्या दारात टेंपो उभा राहिला. माझ्या मावशीचा मुलगा वामन विटांच्या खेपा करायचा, त्याचा टेंपो. मिस्टरांनी कर्जतला जाणाऱ्या माणसाबरोबर निरोप धाडला होता, 'नळी काढणार आहेत.' एवढ्यावर वामनला सगळं कळलं. त्याने विटांचा चुरा झाडला, मागे गादी घातली, वर पांढरी चादर घातली, आणि मावशीला घेऊन आला.

पुढचं मला वामननेच नंतर सांगितलं. डॉक्टर सबनीस चहा पिऊन येत होते. टेंपो वाटेत होता म्हणून वैतागले.

"हा इथे कशाला लावलाय?"

"ताईला न्यायला," वामन म्हणाला.

"कोण ताई?"

"बाई हायेत न्हवं आयसीयूत. आज नळी काढनार ना तुमी तिची?"

"काढणार. मग टेंपो कशाला?"

वामनने मागच्या गादीकडे नुसता हात केला. डॉक्टरांनी ती पांढरी चादर पाहिली, चिंचेखाली बसलेल्या मिस्टरांचा चेहरा पाहिला, आणि मग म्हणे ते टेंपोच्या फळीला धरून जरा वेळ उभेच राहिले.

आत आले ते मिस्टरांचा हात धरूनच. माझ्या खाटेवर टेकले. डॉक्टर खाटेवर टेकलेले मी त्याआधी पाहिले नव्हते.

"बाई, तुम्हाला कुणी घरी पाठवत नाहीये. नळी खराब झालीये म्हणून काढायची. मग दुसरी घालायची."

आई फरशीवरून म्हणाली, "खराब कुटं? सोच्छ तर हाय."

"बाहेरून आहे. आत जंतू चिकटून बसतात. बसतात आणि आपल्या अंगावर बुळबुळीत थर करून घेतात. औषध वरून वाहून जातं, थराच्या आत शिरत नाही. रक्तात सुटलेले जंतू मरतात, ताप उतरतो. थरातले पुन्हा सुटतात, ताप चढतो."

आईच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. पण 'बुळबुळीत' म्हटल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी म्हटलं, "आई, आपल्या रांजणाला आतून बुळबुळ धरते, तेव्हा तू काय करतेस?"

"काय करनार? राख लावून काथ्यानं घासते."

"नुसतं पाणी बदललं तर?"

"नाय जात. दुसऱ्या दिशी वास येतोच."

"या नळीत काथ्या जात नाही, आई."

ती माझ्या मानेकडे बघत राहिली. मला वाटलं पटलं, पण माझी आई इतक्यात हार मानणारी नाही. तिने डॉक्टरांना विचारलं, "रांजन घासायचा म्हंजे पानी ओतून द्यावं लागतं. तवर घरानं प्यावं काय?"

डॉक्टरांना हे समजायला क्षणभर लागलं. मग ते खाली, तिच्यासमोर बसले. "लगेच दुसरी घातली तर तिलाही तोच थर धरेल. मध्ये थोडा वेळ जाऊ द्यावा लागेल. हाताला एखादी शीर शोधतो. त्या सुईवर एक-दोन दिवस काढू."

"निघतील?"

"निघायला पाहिजेत," डॉक्टर म्हणाले. खोटं बोलले नाहीत, म्हणून मला ते आवडले.

आईने खाटेचा पाय सोडला. "मी हितनं हालनार नाय. आन् टेंपो बी हितंच ऱ्हाईल. तुमचं खरं झालं तर मी सांगीन त्याला जा म्हनून."

पाय

नळी निघाली तेव्हा दुखलं नाही. गळ्यातून थंड दोरा सरकल्यासारखं वाटलं. सिस्टरांनी मान दाबून धरली. डॉक्टरांनी टोक कापून तपासायला बाटलीत टाकलं. उरलेला तुकडा आईने मागून घेतला आणि उजेडात धरून पाहिला. तिला काही दिसलं नाही. दिसण्यासारखं नव्हतंच.

हाताची शीर कशीबशी सापडली. दुपारी औषधाची वेळ झाली, सुईतून औषध गेलं, आणि आम्ही सगळे हुडहुडीची वाट पाहू लागलो. मिस्टर दारात. सिस्टर पांघरुणं घेऊन. आई पायथ्याशी, पांघरुणात हात घालून, माझी पावलं धरून. मला थंडी वाजल्यासारखं वाटलं, पण ती भीती होती, ती ओसरली. शेजारच्या खाटेचं सलाईन संपलं, बदललं. बाहेर चुलींचा धूर आला आणि गेला.

"पाय गरम हायेत," आई म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा, "गरम हायेत गं."

सिस्टर म्हात्र्यांनी पांघरुणांची परत घडी केली. आई उठली. जावयासमोर थांबली, त्यांच्या बाहीला हात लावला, आणि वामनला सांगायला बाहेर गेली. दारातूनच तिने सांगितलं, "वामन, नळी काढली रं."

बाहेरून एकच हंबरडा आला. मावशीचा आवाज मी लगेच ओळखला. "माजी वाघीन गेली गं" म्हणून ती रडत होती, माझं नाव घेऊन, माझ्या लहानपणच्या गोष्टी सांगत. वामनचाही आवाज त्यात मिसळला. आपल्यावर रडलेलं आपण ऐकायचं नसतं. मी ऐकलं. चांगलं रडत होती मावशी, खोटं सांगत नाही.

मग त्या सगळ्यावर आईचा आवाज, "गप ऱ्हावा गं! ती हाय. पाय गरम हायेत तिचे."

दारात मिस्टर भिंतीला टेकून खाली बसले आणि हसायला लागले. हसता हसता कधी रडायला लागले ते त्यांनाही कळलं नसावं.

नंतर

सगळं लगेच सुरळीत झालं असं नाही. दुसऱ्या बाजूने नवी नळी घातली, त्या दिवशी आई पुन्हा खाटेशी बसून राहिली. लघवीच्या नळीनेही मला जळजळ आणि ताप दिला, तीही काढली, आणि आपल्या पायांनी पहिल्यांदा बाथरूमला गेले तेव्हा जग जिंकल्यासारखं वाटलं. आई आणि मिस्टर यांच्यात ते दुसऱ्या बायकोचं वाक्य पुढे बरेच दिवस होतं. आईने माफी मागितली नाही. ती त्यांच्यासाठी सुकट करून आणायची, आणि ते जेवायचे.

तुमच्या माणसाच्या अंगात नळी असेल तर एक करा. ही अजून कशासाठी आहे, असं अधूनमधून विचारत जा. डॉक्टर रागावले तरी विचारा. आणि ते काढू म्हणाले, तर लगेच धीर सोडू नका. काढून मग काय, ते विचारा.

घरी सोडलं त्या दिवशी दहिवलीला आईकडे न्यायला वामनच आला, तोच टेंपो घेऊन. मागे तीच गादी, फक्त चादर चौकड्यांची. मला आडवं होऊन जाता यावं म्हणून त्याने घातली होती. पण त्याने खाली मान घालून विचारलं, "ताई, म्होरं बसतेस का मागं?"

"म्होरं," मी म्हणाले.

मिस्टरांनी मला उचलून वामनशेजारी बसवलं आणि ते आईबरोबर मागे गादीवर बसले. खोपोली गेलं. ऊन चांगलं होतं. वामन खड्डे चुकवत, नुकतीच मोटार शिकल्यासारखा टेंपो चालवत होता. पळसदरी आलं आणि मागून फळीवर थाप पडली. वामनने ब्रेक दाबला.

आई उतरून माझ्या बाजूला आली. दार उघडलं. रस्त्यात उभी राहूनच तिने माझ्या चपला काढल्या आणि दोन्ही पावलं हातात धरली. वामन समोर बघत राहिला. धरणाकडून बायका डोक्यावर भारे घेऊन येत होत्या, त्या थांबून बघू लागल्या. आईने घाई केली नाही.

मग तिने चपला परत माझ्या पायांत घातल्या, दार लावलं आणि मागे जाऊन बसली.

"चल रं, वामन," ती म्हणाली.